परमुलखात पाय रोवताना
(धामणगाव बढे, ता. मोताळा, जि. बुलढाणा येथे परदेशी जाऊ इच्छिणारे तरुण व त्यांच्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विदर्भाचे ऊन ज्याने सोसले, त्याला जगातल्या कोणत्याही उष्ण देशाची धास्ती नाही, असे मोताळा-मलकापूर भागात अभिमानाने बोलले जाते. अभिमान खरा आहे. पण त्यातून काढलेले अनुमान फसवे आहे. वैशाखात इथला पारा पंचेचाळिशीकडे झुकतो, तरी हवा कोरडी असते. घाम येतो, वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. विषुववृत्ताजवळच्या दमट देशांत पारा तिशीच्या आसपासच असतो. परंतु हवाच ओलाव्याने इतकी भरलेली असते की, घाम वाळत नाही. तो नुसता वाहतो, शरीरातले पाणी आणि मीठ घेऊन जातो आणि थंडावा देत नाही. अशा हवेला शरीर सरावण्यास एक ते दोन आठवडे लागतात. या काळात कष्टाचे काम हळूहळू वाढवणे, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पिणे आणि भर दुपारी सावली धरणे, एवढे पथ्य पाळले तरी अनेक दुखणी टळतात. साध्या उन्हाची ही गोष्ट. मग कायदा, जमीन, रोगराई, भाषा यांविषयी किती पूर्वतयारी हवी, याचा विचार तिकीट काढण्यापूर्वीच व्हायला हवा.

हा विचार करण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. उष्ण कटिबंधातल्या परक्या बेटावर जाऊन, तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलेला मराठी समाज आपल्यासमोर आहे. तो मॉरिशसचा. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपत आली, तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला आणले. त्यानंतर सुमारे १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय या बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, मुख्यतः रत्नागिरी व आसपासच्या कोकणपट्टीतले मराठी लोकही होते. ते ज्या धक्क्यावर उतरले, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. या मंडळींनी सोसले काय आणि कमावले काय, हा इतिहास आज परदेशी निघालेल्याला उत्तम वाटाड्या ठरू शकतो.

पहिला धडा कराराचा. आरंभीच्या मजुरांचा करार पाच वर्षांचा होता आणि पुरुषाला महिना पाच रुपये वेतन होते. शिधाही ठरलेला होता. कागदावर सारे ठीक दिसे. प्रत्यक्षात एक दिवस कामावर आला नाही, तर दोन दिवसांचे वेतन कापण्याचा नियम होता. करार संपलेल्या माणसालाही खिशात परवाना बाळगावा लागे. १८६७ नंतर तर त्यावर छायाचित्रही बंधनकारक झाले. परवान्याविना सापडलेला माणूस भटक्या ठरून तुरुंगात जाई. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये हजारो मजुरांनी अडॉल्फ द प्लेव्हित्झ यांच्या साहाय्याने अर्ज केला, तेव्हा कुठे चौकशी आयोग नेमला गेला.

काळ बदलला, कागदाचे महत्त्व मात्र तसेच आहे. कंबोडिया, लाओस, म्यानमार येथे संगणकावरील चांगल्या नोकरीच्या आमिषाने गेलेले भारतीय तरुण सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबले गेल्याची प्रकरणे २०२२ पासून सतत पुढे आली. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणावे लागले. त्यांतले पुष्कळ जण पर्यटनाच्या व्हिसावर, दलालाच्या तोंडी शब्दावर विसंबून गेले होते. म्हणून नियम साधा ठेवावा : नोकरीला जायचे, तर नोकरीचाच व्हिसा. करार समजेल अशा भाषेत वाचून घ्यावा. त्यात पगार, कामाचे तास, राहण्याची सोय, परतीचे भाडे आणि आजारपणाचा खर्च कोणाकडे, हे लिहिलेले असावे. एक प्रत घरी ठेवावी. दहावी न झालेल्याच्या पारपत्रावर ‘ईसीआर’ असा शेरा असतो. मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड यांसह ठरावीक देशांत नोकरीस जाताना त्याला शासनाची परवानगी घ्यावी लागते. हा अडथळा मानू नये. ती ढाल आहे. भरती करणारा दलाल शासनाकडे नोंदलेला आहे की नाही, हे ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. प्रवासी भारतीय विमा योजनेत थोडक्या हप्त्यात दहा लाखांचे संरक्षण मिळते, तेही सोडू नये.

कागदाचीच आणखी एक बाब नावाची. मॉरिशसच्या गोदीत कारकुनाने ऐकले तसे नाव लिहिले. कित्येक घराण्यांत आजोबांचे पहिले नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले आणि मूळ आडनाव विसरले गेले. आज जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार आणि पारपत्र यांत नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव एकाच क्रमाने व एकाच स्पेलिंगने आहे, याची खात्री घर सोडण्यापूर्वी करून घ्यावी. परक्या देशात अशी दुरुस्ती महिनेच्या महिने घेते.

दुसरा धडा आरोग्याचा. १८६६-६७ मध्ये हिवतापाच्या साथीने मॉरिशसमध्ये हाहाकार माजवला. सुमारे चाळीस हजार माणसे दगावली. निम्म्याच्या आसपास एकट्या पोर्ट लुईत. ज्यांना शक्य होते त्यांनी किनारा सोडून उंचावरच्या थंड क्युरपीपकडे धाव घेतली. पुढे सिकंदराबाद येथे १८९७ मध्ये डासाचा आणि हिवतापाचा संबंध उलगडणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनाच १९०७-०८ मध्ये मॉरिशसला पाचारण करण्यात आले. पाण्याची डबकी बुजवणे, निचरा करणे हा त्यांच्या सल्ल्याचा गाभा होता. चिवट प्रयत्नांनंतर १९७३ मध्ये तो देश हिवतापमुक्त घोषित झाला.

आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत मात्र घातक हिवताप आजही आहे. तिथे जाणाऱ्याने डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात, मच्छरदाणी सोबत न्यावी. परत आल्यावर काही महिन्यांत ताप आला, तर ‘आफ्रिकेत होतो’ हे डॉक्टरांना आधी सांगावे. पीतज्वराची लस अधिकृत केंद्रातच, प्रवासापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी. तिचे प्रमाणपत्र २०१६ पासून आजन्म ग्राह्य आहे. ते जवळ नसेल, तर पीतज्वराच्या देशातून मायदेशी परतणाऱ्यालाही सहा दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात.

तिसरा धडा भूमीचा, आणि शेतकऱ्यांच्या गावात तो विशेष महत्त्वाचा. लोणारच्या विवराखालचा खडक बेसाल्टचा, बुलढाण्याची काळी माती त्याच खडकाची लेक. मॉरिशस बेटही ज्वालामुखीच्या बेसाल्टचेच. पण खडक एक असला तरी पाऊस वेगळा. अतिपावसात क्षार धुऊन जातात आणि माती तांबडी, आम्लधर्मी होते. तिथे मजुरांनी शेतातले दगड हातांनी वेचून त्यांचे ढीग रचले. उसाच्या रानात ते ढीग आजही दिसतात. काळ्या मातीतल्या कापसाचे ज्ञान घेऊन जाणाऱ्याला त्या मातीपुढे पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते. ऋतूही उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला उन्हाळा आणि तोच चक्रीवादळांचा काळ. म्हणजे संक्रांत ऐन वादळी दिवसांत येते. १८९२ च्या वादळात हजारावर माणसे गेली. १९६० च्या ‘कॅरोल’ वादळानंतर लोक काँक्रीटच्या घरांकडे वळले. ज्या देशात जायचे तिथले वादळ कधी येते आणि घर कशाचे बांधतात, हे आधी विचारून घ्यावे.

मातीपेक्षाही गंभीर प्रश्न मालकीचा. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकड्यांनी विकायला काढल्या. भारतीयांनी पै-पै साठवून त्या घेतल्या आणि मजुराचा शेतकरी झाला. समाज तिथे रुजला, तो या मालकीमुळे. फिजीची कथा याच्या नेमकी उलट. तिथली बहुतांश जमीन मूळ रहिवाशांच्या कुळांची. भारतीय वंशाचे शेतकरी ती पट्ट्याने कसत होते. तीस वर्षांचे पट्टे १९९७ पासून संपू लागले आणि अनेकांना पिढ्यांनी कसलेली ऊसशेती सोडावी लागली. युगांडात १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले. केनियाच्या २०१० च्या घटनेनुसार परकीयाला जमीन जास्तीत जास्त ९९ वर्षांच्या पट्ट्याने मिळते, मालकीने नाही. परदेशात स्वस्त शेतीची जाहिरात पाहून घरची जमीन विकण्यापूर्वी हे तिन्ही दाखले आठवावेत. शिवाय अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली किंवा आधीची ठेवता येते. परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, कारण दुहेरी नागरिकत्व आपल्या घटनेत नाही. तेव्हा विकलेला बांध परत मिळेलच, या भरवशावर कोणी राहू नये.

चौथा धडा घराचा आणि समाजाचा. आरंभीच्या जहाजांत बहुतेक पुरुषच होते. स्त्रिया येऊ लागल्या तेव्हाच तिथे संसार उभे राहिले. एका जहाजातून आलेले ‘जहाजी भाई’ जातपात विसरून सख्ख्यासारखे झाले. संध्याकाळच्या ‘बैठकां’त मुले अक्षरे आणि रामायण शिकली. १९०१ मध्ये काही दिवस तिथे थांबलेल्या गांधीजींनी मुलांना शिकवण्याचा आणि सार्वजनिक जीवनात भाग घेण्याचा सल्ला दिला. १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर आले आणि त्यांनी मजुरांच्या बाजूने न्यायालयात उभे राहण्यास सुरुवात केली. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा याच मजुरांचे वंशज कारभारात होते.

मराठी समाजाने यात आपले स्थान राखले. गणेशचतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते. कास्कावेल येथे १८९६ मध्ये गणेशोत्सव सुरू झाल्याचे स्थानिक परंपरा सांगते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन होते. मात्र घराघरांतली बोली बव्हंशी क्रिओल झाली आहे, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. उत्सव टिकवणे त्या मानाने सोपे. भाषा टिकवायची तर ती रोज स्वयंपाकघरात बोलावी लागते. त्या समाजाने यजमान देशाची भाषा आत्मसात केली, त्याच्या कायद्याचा मान राखला, त्याच्या राष्ट्रजीवनात जबाबदारी उचलली. यजमानाशी एकनिष्ठ राहून आपले संस्कार जपता येतात, याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिथल्या भारतवंशीयांच्या सातव्या पिढीलाही ‘ओसीआय’ कार्डाची पात्रता जाहीर केली. सात पिढ्यांनंतरही नाते मानले जाते, ते दोन्ही बाजूंनी जपले गेले म्हणून.

धामणगाव बढ्यातून कोणी केनियाला जाईल, कोणी मलेशियाला. त्या काळच्या मजुराला करार वाचता येत नव्हता, साथीचे कारण ठाऊक नव्हते, परतीची वाट महाग होती. आजच्या तरुणाला वाचता येते, विचारता येते, दूरध्वनीवर दूतावास गाठता येतो. एवढी साधने हाती असताना न विचारता निघणे, हे धाडस नव्हे. म्हणून जाणाऱ्याने घरच्यांसमोर बसून एका कागदावर चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : करार कोणाशी, आजारी पडल्यास आधार कोणाचा, राहते घर आणि जमीन कोणाच्या नावावर, आणि परत यायचे झाल्यास पैसा कुठून. चारही उत्तरे लिहून झाली, की आईवडिलांनी निःशंक मनाने दहीसाखर हातावर ठेवावी.