अवघड जागेचे औषध

‘अवघड जागी दुखणे अन् जावई वैद्य’ ही म्हण मी वर्गात कितीदा तरी समजावून सांगितली असेल. पण तिचा खरा अर्थ मला कळला तो गोंदिया जिल्ह्यात, बोदलकशाच्या तलावावर.

माझ्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज आहे, व्रण आहेत. डॉक्टर त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. त्यावर रोज रात्री प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा एनिमा, असे सहा आठवडे चालले होते. हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन पक्षी पाहायला निघालो आणि औषध मुद्दाम घरी ठेवले. दहा मुलांच्या खोलीत ‘सर’ डाव्या कुशीवर पडून काय करताहेत, हे सांगणार कसे? तिसऱ्या रात्री मुरडा आणि शौचावाटे रक्त! यजमान मायेने म्हणाले, “मूळव्याध असेल, सर. तिरोड्याहून ट्यूब आणून देतो.” आणली, तर तीही स्टिरॉइडचीच.

परतल्यावर डॉक्टरांनी माझी चांगली शिकवणी घेतली. तीच आता तुम्हांला सांगतो.

स्टिरॉइड म्हणजे विष नव्हे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी तसेच द्रव्य आपल्या शरीरात रोज तयार करतात. १९४८ साली अमेरिकेत डॉ. हेंच यांनी ते संधिवातावर वापरले. १९५० साली त्या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी आतड्याच्या या विकारावरचा त्याचा गुण दाखवून दिला.

आता तुम्ही म्हणाल, खालून दिलेले औषध खालीच राहणार. तसे नाही. तलावाचा बांध कितीही पक्का असो, थोडे पाणी पाझरतेच; तसे हे औषधही थोडे रक्तात उतरते. म्हणून फार दिवस घेतल्यास चेहरा सुजतो, झोप उडते, मन चिडचिडे होते. रक्तातील साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग बळावतो. मधुमेह, काचबिंदू, पूर्वीचा क्षय, गरोदरपण यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

शिवाय बाहेरून आयते मिळाले, की त्या ग्रंथी आळसावतात. कित्येक आठवडे घेतलेले औषध एकदम सोडले, तर दुखणे उलटतेच. कधी भोवळ, उलट्या, कमालीचा थकवाही येतो. ते कसे कमी करायचे, हे डॉक्टरांनी ठरवावे, आपल्या लाजेने नव्हे.

आणखी एक. आपल्याकडे आमांश फार. अमीबाचा आमांश न ओळखता स्टिरॉइड दिले, तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. म्हणून रक्त दिसले की आधी तपासणी, मग औषध. मूळव्याधीची स्टिरॉइडची ट्यूबसुद्धा आपल्या मनाने लावू नये. डॉक्टरांनी सांगितली, तरी सांगितले तितकेच दिवस.

एनिमा घ्यावा तो शौचाला जाऊन आल्यावर, निजताना. बाटली कोमट करावी, डाव्या कुशीवर निजून उजवा गुडघा पोटाशी घ्यावा, नळी हलकेच सारावी आणि निदान अर्धा तास पडून राहावे. जळजळ थांबत नसेल, ताप आला, रक्त वाढले किंवा पोट कडक होऊन दुखू लागले, तर सकाळची वाट पाहू नये.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बोदलकशाला गेलो. या खेपेस मुलांना सरळ सांगितले, “मला रात्री औषध घेऊन अर्धा तास पडावे लागते.” कोणी हसले नाही. मुले बांधावर चांदणे पाहायला निघून गेली, आणि मी निवांत डाव्या कुशीवर वळलो.