डोंगराचा पायथा एकदम उघडायचा नाही

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आपल्या एका सदस्य ताईंनी मांडलेले मनोगत. शक्यतो बोलल्याप्रमाणेच देत आहोत. – संपादक मंडळ)

मला सांगितलं, तुझ्या धंद्याविषयी दहा मिनिटं बोल. पापड-मसालेवाल्या तायांसारखं मला काही दाखवायला आणता आलं नाही. माझा माल डंपरनं येतो.

मी महाड तालुक्यातली. दरड पडू नये म्हणून रस्त्याकडेच्या डोंगराला आधार द्यायची कामं मी घेते. मोठा ठेकेदार वेगळा असतो, त्याच्याकडून मी जाळीच्या भिंतीचं काम मजुरी दरावर घेते. घाटात तुम्ही पाहिलं असेल, तारेच्या जाळीच्या पेट्या, आत दगड भरलेले, एकावर एक चढवलेल्या. त्याला गॅबियन म्हणतात. आमच्या बाया गब्यान म्हणतात, चालतं.

22 जुलै 2021 ला तळियेवर दरड आली, ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. तेव्हा मी याच कामावर रोजानं दगड उचलत होते. आज माझ्या हाताखाली अकरा बाया आणि चार गडी आहेत.

सकाळी सातला साइटवर पोचलो की हजेरी नंतर. आधी वर बघायचं. रात्रीत कुठला दगड सुटलाय का, वरच्या चरात माती पडून पाणी अडलंय का. जमिनीला भेग असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकलेली असते. रोज टेपनं त्यांच्यातलं अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. गटाच्या वहीनं मला ही सवय लावली, खरं सांगते. अंतर वाढलं तर त्या दिवशी खाली कोणी उभं राहायचं नाही.

मग पेट्या. एक पेटी दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. तिच्यात तीन टनांच्या वर दगड बसतो. दगड वीतभर हवा, लहान असला तर जाळीतून गळतो. दर्शनी बाजू हातानंच रचायची, आपल्याकडे गडगा घालतात तशी, सांधा सोडून. नुसता दगड ओतला तर पेटीचं पोट सुटतं. म्हणून भरताना मध्ये मध्ये आतून आडव्या ताराही बांधाव्या लागतात. रचण्यात बायांचा हात बसलेला असतो, आपण लहानपणापासून गडगे घातलेत. म्हणून माझ्याकडे रचणाऱ्या बाईला गड्याएवढीच हजेरी. यावरून दोन गडी सोडून गेले, एक परत आला.

लोक विचारतात, सिमेंटनं का लिंपत नाही? डोंगराला ढकलतं ते पाणी. जाळीच्या भिंतीतून ते वाहून जातं. मागे एक कापड लावतात, चहाच्या गाळणीसारखं. पाणी सोडतं, माती धरतं. सिमेंटची भिंत असेल तर तिला भोकं ठेवावी लागतात, आणि ती बुजली तर मागं पाणी तुंबतं. उंचावर दोरीला लटकून खडकात बोल्ट मारणारे वेगळे गडी असतात, ते आमचं काम नव्हे.

आता माझी चूक सांगते. माझं पहिलंच काम होतं, मे महिना. भिंतीचा पाया खणायचा म्हणजे डोंगराचा पायथाच खणायचा. तो पाच-सहा मीटर उघडायचा, तेवढी भिंत उभी करायची, मग पुढचा. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, "बाई, पाऊस तोंडावर आलाय, पोकलेन उद्या दुसरीकडे जाणार, सगळं एकदम उघडून घ्या." मला कळत होतं, हे बरोबर नाही. पण पहिलं काम, पुढचं मिळणार नाही या भीतीनं मी हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही आंब्याखाली जेवायला बसलो होतो आणि मागून आवाज आला. पोतं ओतल्यासारखा, फार मोठा नाही. जिथं सकाळी सहा बाया वाकून रचत होत्या, तिथं लाल माती. चार घमेली आणि एकीच्या मुलाची शाळेची छत्री त्यात गेली. ती बाई सारखी छत्रीचंच बोलत होती. मी काहीच बोलू शकले नाही.

माती काढायचा खर्च माझ्या अंगावर आला. गटातून साठ हजारांचं कर्ज घेतलं, चौदा हप्त्यांत फेडलं. त्या वेळी गटातल्या कोणी मला, "तुला कशाला नसते धंदे" असं म्हटलं नाही. एक जण म्हणाली होती, पण तीच जामीन राहिली.

त्यानंतर काम घेतानाच कागदावर लिहून घेते, पायथा सहा मीटरच्या वर उघडणार नाही. त्यामुळे दोन कामं हातची गेली. बिलाचंही सांगते, कारण तुमच्यातल्या कुणी यात येणार असाल तर हे माहीत पाहिजे. आज दगड भरला म्हणून आज पैसे नाहीत. साहेब येऊन मोजणार, पुस्तकात लिहिणार, मोठ्या ठेकेदाराला मिळणार, मग मला. त्यातूनही काही रक्कम कापून ठेवतात. बायांना मात्र शनिवारी हजेरी द्यावीच लागते. दोन महिन्यांची हजेरी हातात असल्याशिवाय काम घेऊ नका. माझं गेल्या हंगामातलं एक बिल अजून अडकलंय.

जाता जाता घराचं. तुमच्या घरामागं डोंगर असेल तर पावसात रोज एक फेरी मारा. नवी भेग, वाकलेलं झाड किंवा खांब, दार अचानक अडकायला लागणं, झऱ्याला एकदम गढूळ पाणी येणं किंवा झरा आटणं, यातलं काही दिसलं तर सामान आवरत बसू नका. पोरं आणि म्हातारी माणसं घेऊन बाहेर पडा, मग ग्रामपंचायतीला आणि तलाठ्यांना कळवा. आणि अंगण वाढवायला घरामागचा डोंगर तासू नका. आमच्या गावात अजून तासतात.

कुणाला काही विचारायचं असेल तर जेवताना विचारा. मला साडेतीनची एसटी गाठायची आहे, उद्या सातला डंपर येतोय.