औषधाआधी पाणी बघा

आमच्या हर्णे बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो. घेणारा कल्ला उचलून बघतो. लालभडक असला की मासा ताजा. घरातल्या काचेच्या टाकीतल्या जिवंत माशाची खबरही कल्लेच देतात.

कल्ले भराभर हलू लागले, मासा पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेऊ लागला, पर मिटून कोपऱ्यात बसला, रंग फिका पडला, तर तो ताणात आहे असे समजा. ताण टिकला की प्रतिकारशक्ती घटते आणि रोग शिरतो. मग लोक मला विचारतात, ‘कोणतं औषध घालू?’ मी विचारतो, ‘पाणी कधी बदललंत?’

माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून विषारी अमोनिया पाण्यात येतो. गाळणीत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू स्थिरावायला ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडू नयेत, आणि गाळणीचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

आठवड्याला पाव भाग पाणी बदला. सगळे एकदम नको. नळाच्या पाण्यातला क्लोरीन कल्ले जाळतो, म्हणून ते २४ तास उघड्या बादलीत ठेवा. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे घाला. उकाड्यात पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा वेळी वीज गेली, पंप थांबला, तर तांब्याने टाकीतलेच पाणी घेऊन वरून धार सोडत राहा. तेवढ्यानेही जीव वाचतो.