गप्प बसण्याची शाळा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'परदेशातील अनुभव' यावर दहा मिनिटे बोलायला सांगितले. मी विषय कळवला, 'गप्प बसणे'. फोनवर पलीकडे आधी नुसते हसू आले. बरोबरच आहे. सर वर्गाबाहेर गेले की मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहायचा आणि त्या यादीत पहिले नाव माझे असायचे. पुढे त्याने वेळ वाचावा म्हणून माझे नाव आधीच लिहून ठेवायला सुरुवात केली. समोर बसलेल्या बाईंनाही ते आठवत असावे, कारण त्या आत्ताही हसत आहेत.

तेव्हा वर्गात जी शांतता असायची ती छडीची. सरांची पाठ वळली की ती संपायची. त्याहून वेगळी शांतता असते हे मी लहानपणी एकदा पाहिले होते, पण मला ते कळले नाही. आजी मला एस.टी.ने पावसला न्यायची. स्वामी स्वरूपानंद तेव्हा हयात होते. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात जाऊन आलेला हा माणूस पुढे सुमारे चाळीस वर्षे देसायांच्या 'अनंत निवासा'तल्या एका खोलीत राहिला. १५ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांनी देह ठेवला तेव्हा आपण शाळेतच होतो. आजी तिथे डोळे मिटून बराच वेळ बसायची आणि मी चुळबुळ करायचो. परतताना मी विचारले, "तू काय करत होतीस?" म्हणाली, "ऐकत होते." मी म्हटले, "पण कुणी काही बोललंच नाही की!" त्यावर तिने उत्तर दिले नाही. पुरचुंडी सोडून लाडू हातावर ठेवला.

ते उत्तर मला वीसेक वर्षांनी आणि सात समुद्रांपलीकडे मिळाले.

नोकरीनिमित्त मी बर्मिंगहॅमला गेलो. १९९६च्या पावसाळ्यात इथे वडील गेले. निरोप मिळाला, तिकीट मिळेपर्यंत अंत्यसंस्कार उरकले होते, आणि मी पोहोचलो तो दिवसकार्याला. परत गेल्यावर कामात लक्ष लागेना. तुमच्यापैकी जे बाहेरगावी होते आणि ज्यांच्या घरचा असा फोन आला, त्यांना ही सल वेगळी सांगायला नको. आमच्या शेजारी एक निवृत्त परिचारिका राहत. त्यांनी सांत्वनाचे शब्द काढले नाहीत. एवढेच म्हणाल्या, "रविवारी आम्ही तासभर गप्प बसतो. यायचं तर या."

ती क्वेकरांची मीटिंग होती. हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही, पण त्यांचे चॉकलेट आपण सगळ्यांनी खाल्ले आहे. ज्या कॅडबरी घराण्याने बर्मिंगहॅमजवळ कारखाना आणि कामगारांसाठी बॉर्नव्हिल हे गाव वसवले, ते घराणे क्वेकर. सतराव्या शतकाच्या मध्यावर जॉर्ज फॉक्स नावाच्या तरुणाने हा पंथ सुरू केला. लहानपणी तो बूट शिवणाऱ्याकडे उमेदवारी करत होता. त्याचे म्हणणे असे, की देवाचा प्रकाश प्रत्येक माणसाच्या आत आहे, त्यासाठी मध्ये पुरोहित लागत नाही. 'क्वेकर' म्हणजे थरथरणारे. हे नाव लोकांनी चेष्टेने ठेवले. ते स्वतःला नुसते 'मित्र' म्हणवतात.

सगळे सारखे, हे त्यांनी बोलण्यातही आणले. त्या काळी इंग्रजीतही मोठ्यांशी आदरार्थी आणि बरोबरीच्यांशी एकेरी बोलायची रीत होती. हे लोक न्यायाधीशालाही एकेरीत बोलत आणि त्याच्यासमोर टोपी काढत नसत. त्यापायी कित्येकांनी तुरुंग पाहिला. आज सकाळपासून आपल्यातले साहेब, डॉक्टर, वकील सगळेच पुन्हा 'अरे' आणि 'अगं' झालेले पाहून मला त्यांची आठवण झाली. आपल्याला सुदैवाने त्यासाठी तुरुंगात जावे लागत नाही.

तर मी त्या रविवारी गेलो. साधी खोली. मूर्ती नाही, क्रूस नाही, मेणबत्ती नाही, पुजारी नाही. गोलाकार मांडलेल्या पंचवीस-तीस खुर्च्या, मध्ये टेबलावर फुले आणि दोन-चार पुस्तके. लोक येऊन बसले आणि गप्प झाले. सुरुवात केव्हा झाली तेही कळले नाही. दहा मिनिटांनी मी घड्याळ पाहिले. विसाव्या मिनिटाला माझ्या पोटात गुडगुडले आणि ते सगळ्या खोलीला ऐकू गेले. अर्ध्या तासाने एक म्हातारे गृहस्थ उठले. बायको गेल्यावर तिने लावलेल्या घेवड्याला पाणी घालायचे आपण विसरलो होतो, काल पाहिले तर त्याला शेंगा आल्या होत्या, एवढे सांगून ते बसले. त्यावर कुणी बोलले नाही, मान डोलावली नाही. पुन्हा शांतता. मला आमच्या परसातली वडिलांनी लावलेली पोफळ आठवली आणि त्या अनोळखी माणसांत बसून मी पहिल्यांदा रडलो. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलेही नाही. तास संपला तेव्हा सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवले, मग चहा-बिस्किटे झाली, आणि कपबशा विसळायला त्यांनी मलाच उभे केले. परका पाहुणा म्हणून मला वेगळे बसवले नाही, हे मला त्या दिवशी सगळ्यांत बरे वाटले.

त्यानंतर मी अनेक वर्षे तिथे जात राहिलो. मी क्वेकर झालो नाही. देव्हारा घरात आहे, गणपती बसतो, संकष्टी बायको करते आणि मोदक मी खातो. त्यांनी कधी 'आमच्यात या' म्हटले नाही. सभासद नसून नियमित येणाऱ्यांना ते 'अटेंडर' म्हणतात, तो मी होतो.

या पंथाचे आपल्या देशाशी जुने नाते आहे. मीठाच्या सत्याग्रहाआधी मार्च १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयला जे पत्र लिहिले, ते घेऊन जाणारा रेजिनाल्ड रेनॉल्ड्स हा तरुण क्वेकर होता. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी इंग्लंडला आले तेव्हा ते बर्मिंगहॅमच्या वुडब्रुक या क्वेकर केंद्रातही जाऊन आले. मार्जोरी साइक्स नावाच्या शिक्षिका १९२८ साली मद्रासला शिकवायला आल्या, पुढे भारताच्या नागरिक झाल्या आणि आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला त्यांनी नई तालीमचे काम केले. भारतातल्या क्वेकरांचा इतिहासही त्यांनीच लिहिला. युद्धकाळातल्या आणि नंतरच्या मदतकार्यासाठी १९४७चे शांततेचे नोबेल ब्रिटन आणि अमेरिकेतल्या क्वेकरांच्या दोन संस्थांना मिळाले.

पण मला सांगायचे आहे ते नोबेलचे नाही, एका हॉलच्या किल्लीचे.

हे लोक कारभारही याच शांततेत करतात. महिन्यातून एकदा सभा होते आणि तिथे मतदान नसते. बहुमत, अल्पमत हा शब्दच नाही. एकाने बोलायचे, मग थोडे थांबायचे, मग दुसऱ्याने. सभेच्या चिटणिसाने सगळ्यांचे मन कुठे येऊन थांबले आहे ते ओळखून तिथल्या तिथे ठराव लिहायचा आणि वाचून दाखवायचा. सगळ्यांना पटला तर पुढे, नाहीतर पुढच्या महिन्यात. एकदा प्रश्न आला, की निर्वासितांच्या इंग्रजीच्या वर्गाला हॉल फुकट द्यायचा की भाड्याने. छप्पर गळत होते, पैसे हवे होते. घेवड्यावाल्या आजोबांचा फुकट द्यायला ठाम विरोध होता. मी अभियंता माणूस. आमच्या कारखान्यात हात वर करून हे पाच मिनिटांत मिटले असते. इथे तीन महिने लागले. दर वेळी चिटणीस म्हणायच्या, "आपण अजून तयार नाही." मला वैताग यायचा. तिसऱ्या महिन्यात आजोबाच उठले आणि म्हणाले, "छपराचं मी बघतो. पण वर्गाच्या दिवशी हॉल उघडणार कोण?" मग तेच दर मंगळवारी किल्ली घेऊन जायला लागले. मतदान झाले असते तर आजोबा हरले असते आणि किल्ली दुसऱ्या कुणाकडे गेली असती.

यात दोष नाहीत असे नाही. काम फार रेंगाळते. मोठ्या आवाजाचा माणूस शांततेतही मोठाच वाटतो. आमच्या मीटिंगमध्ये तरुण चेहरे मोजकेच होते. आणि इतिहासही सगळा उजळ नाही. अठराव्या शतकात अमेरिकेतले कित्येक क्वेकर गुलाम बाळगत होते. जॉन वुलमन नावाचा शिंपीकाम करणारा एक क्वेकर वर्षानुवर्षे अशा घरांत जायचा आणि मालकांशी शांतपणे बोलायचा. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगायला बंदी केली १७७६ साली. वुलमन त्याआधी चार वर्षे वारला होता. इतके थांबणे गुलामांना परवडणारे नव्हते, हे मला कायम टोचते. पण निर्णय झाला तो त्यांच्याच सभेत, त्यांच्याच माणसाने आतून दार ठोठावत राहिल्याने, हेही खरे.

आता घरची गोष्ट सांगतो. कोकणातल्या माणसाला भाऊबंदकी समजावून सांगायची गरज नाही. आमच्या सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत. आई गेल्यावर घर आणि हापूसची कलमे यांवरून चुलतभावांत नोटिसा सुरू झाल्या. एका मे महिन्यात मी आलो आणि सगळ्यांना ओटीवर बसवले. म्हटले, आधी पंधरा मिनिटे कुणी बोलायचे नाही. मग एकेकाने बोलायचे आणि त्यावर लगेच उत्तर द्यायचे नाही. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "हे काय विलायती खूळ आणलंस?" तेव्हा दारात बसलेली काकू म्हणाली, "विलायती कसलं? देवळात कौल लावतो तेव्हा सगळा गाव गप्पच असतो ना? तेव्हा नाही कोण ओरडत."

काकू म्हणाली ते मला सुचलेच नव्हते. गुरव गाऱ्हाणे घालतो, देवीने उजवा द्यायचा की डावा याकडे गाव श्वास रोखून बघतो, आणि कौल झाला की घरी जाऊन कुणी भांडत नाही. क्वेकरांकडे फूल नसते, एवढाच फरक. ते एकमेकांच्या मनाचा कौल होईपर्यंत थांबतात.

बसलो. पाच मिनिटे खाकरणे, मोबाइल. मग नुसता माडांचा आवाज. आणि सगळ्यांत आधी बोलली ती काकूच. तिचे वय ऐंशीच्या पुढे, आणि एवढ्या नोटिसांत तिला कुणी काही विचारले नव्हते. म्हणाली, "मला याच घरात मरायचंय. मागनं काय ते करा." पुन्हा कुणी बोलेना. धाकट्याने आपणहून वही ओढली आणि लिहिले, की काकू आहे तोवर घराची वाटणी होणार नाही. वाचून दाखवले. सगळ्यांनी सह्या केल्या, एकाने नाही केली. वरच्या बागेचा दावा अजून कोर्टात आहे. म्हणजे चमत्कार काही झाला नाही. पण ज्याने सही केली नाही तो गेल्या वर्षी गणपतीला घरी आला आणि आरतीला सगळ्यांत मोठा आवाज त्याचा होता. काकू अजून त्याच दारात बसते.

आजी पावसला काय ऐकत होती, हे मला आता थोडेसे कळते. आपण गप्प झालो की जो बोलत नाही त्याचे ऐकू येते. कधी तो आत असतो, कधी शेजारी बसलेला असतो, कधी दारात बसलेली काकू असते.

मित्रांनो, जेवणानंतर आपल्याला बॅचच्या निधीचे काय करायचे ते ठरवायचे आहे. मुलींसाठी स्वच्छतागृह की संगणक कक्ष, यावर आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन महिने काय चालले आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. दोघे तर ग्रुप सोडून गेले. संयोजकांनी मतदानाच्या चिठ्ठ्याही तयार ठेवल्या आहेत. माझी विनंती एवढीच, की चिठ्ठ्या वाटण्याआधी पाच मिनिटे बसू. सकाळी आपण दिवंगत मित्रमैत्रिणींची यादी वाचली, ती नावेही तेवढ्यात पुन्हा मनात येतील. आणि मग आधी त्यांना बोलू द्या, ज्या ग्रुपवर एकदाही काही बोलल्या नाहीत. या शाळेत मुली म्हणून पाच-सहा वर्षे काढलेल्या आपल्या मैत्रिणी इथेच बसल्या आहेत.

त्या पाच मिनिटांत मी बोलणार नाही. मॉनिटर आज हजर आहे. बोललो तर त्याने खुशाल माझे नाव फळ्यावर लिहावे.