डॉक्टरांनी रोग्याचे ताटही पाहावे



आम्ही डॉक्टर नव्हे; कॉलेजची पायरीही चढलेलो नाही. आहारशास्त्राशी आमची ओळख झाली ती पगाराच्या भांडणातून. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा जो आधार मान्य केला, त्यात डॉ. ॲक्रॉइड यांच्या शिफारशीवरून प्रौढ माणसामागे रोजचे २७०० उष्मांक धरले होते. मागणीपत्र लिहायचे म्हणून डाळ किती, तेल किती, भाजी किती हे आम्ही पाठ केले. मग मनात येई, पगार मागणाऱ्याला जे यावे लागते ते औषध देणाऱ्याला नको काय?

एम.बी.बी.एस.च्या साडेचार वर्षांत आहार मुळीच शिकवीत नाहीत, असे नाही. जीवनसत्त्वे जीवरसायनात येतात, कुपोषण समाजवैद्यकात येते. पण विद्यार्थी खाटेपाशी पोचला, की केसपेपरात आहारापुढे बहुधा एकच शब्द पडतो: ‘शाकाहारी’, नाहीतर ‘मिश्र’. झाली चौकशी!

नीट चौकशी केली तर काय हाती लागते, ते मुंबईत घडले आहे. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी तेथे आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांना एक घातक पांडुरोग होत असे. विल्सबाईंनी रक्त तर तपासलेच, पण या बाया खातात काय, हेही पाहिले. फळे, भाजीपाला, प्रथिने, सारेच तुटपुंजे! बाजारात ‘मार्माइट’ नावाने मिळणारा यीस्टचा अर्क त्यांनी देऊन पाहिला आणि बाया सुधारल्या. १९३१ साली हे छापून आले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला, आणि पानावरूनच त्याला फॉलिक ॲसिड हे नाव पडले. गरोदर बाईला आज लोहाबरोबर जी गोळी देतात, तिच्यात तेच असते. त्या गोळीमागे आमच्या गिरणीकामगार भगिनी उभ्या आहेत, हे किती डॉक्टरांना ठाऊक असेल? आणि गोळी असूनही, २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायका पांडुरोगीच निघाल्या.

आमच्या एका सोबत्याला मधुमेह आहे. पाळी दर आठवड्याला बदलते. त्याला कागदावर लिहून मिळाले, ‘वेळेवर जेवावे, पौष्टिक खावे.’ रात्रपाळीवाल्याने वेळेवर म्हणजे केव्हा जेवावे? डॉक्टर माणूस भला होता. पण हा प्रश्न विचारायला त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, असे सांगतात. असेलही. आम्ही नवा विषय मागत नाही. शेवटच्या परीक्षेत रोगी तपासायला देतात, तेथेच थोडे गुण राखावेत: हा माणूस काल दिवसभरात काय जेवला, घरी रांधते कोण, डबा किती वाजता उघडतो, भाडे आणि हप्ता गेल्यावर भाजीला पैसे किती उरतात. ज्याला गुण नाहीत ते विद्यार्थी वाचीत नाही, आणि त्यात त्याला बोल लावण्यासारखेही काही नाही. शिकवणाऱ्यांनी वर्षातून एक दिवस ही मुले कारखान्याच्या कँटीनमध्ये आणून बसवावीत. रात्रपाळी सुटताना आणली तर फार बरे; बाकावर जागा आम्ही करून देऊ.