थोड्या पैशांत युरोपचा प्रवास
(ज्ञातिमंडळाच्या परभणी येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



बेताच्या मिळकतीच्या घरातील तरुणांनी युरोपचा प्रवास थोड्या खर्चात कसा करावा, हा विषय चिटणिसांनी मला नेमून दिला आहे. ज्ञातीच्या व्यासपीठावरून या विषयावर बोलावयाचे, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले तेव्हा त्यांच्या ज्ञातीची मुंबईत सभा भरली, त्यांना वाळीत टाकण्यात आले आणि जो त्यांना साहाय्य करील अथवा निरोप देण्यास बंदरावर जाईल त्यास सव्वा रुपया दंड ठरला. त्याच गांधींनी लंडनमध्ये पै-पैचा हिशेब ठेवला. गाडीभाडे वाचावे म्हणून ते रोज आठ-दहा मैल चालत, खोलीवरच ओटची लापशी शिजवीत, आणि दिवसाचा खर्च त्यांनी सव्वा शिलिंगावर आणला. मला जे सांगावयाचे आहे त्यातील निम्मे यातच आले.

काटकसरीचा प्रवास आपणांस परका नाही. शेगावची पालखी दरवर्षी आपल्या परभणीवरून गंगाखेडकडे जाते, तेव्हा वारकरी शाळेच्या ओसरीवर किंवा देवळात पथारी टाकतात. आपली वळकटी आपण वाहावी, मिळेल तेथे पाठ टेकावी, पहाटे उठून वाटेला लागावे. युरोपातील युवक-वसतिगृहांचा जन्मही शाळेच्या खोलीतच झाला. रिचर्ड शिरमान नावाचे एक जर्मन शिक्षक १९०९ साली विद्यार्थ्यांसह पदयात्रेस निघाले असता वादळात सापडले आणि एका शाळेत त्यांनी रात्र काढली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, तर त्या वाटसरू मुलांना का देऊ नयेत, हा विचार त्यांना तेथे सुचला. पुढे आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात कायमचे वसतिगृह उभे राहिले. आज अशी वसतिगृहे युरोपभर आहेत. आपल्या देशातील ‘यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था त्याच आंतरराष्ट्रीय परिवारातील आहे. एका दालनात सहा-आठ पलंग असतात. स्त्रियांसाठी बहुधा वेगळे दालन मिळते. सामान ठेवण्यास कपाट असते, पण कुलूप आपले न्यावे लागते. पश्चिमेकडील मोठ्या शहरांत पलंगास रात्रीचे तीस-चाळीस युरो पडतात. पोलंड किंवा हंगेरीत त्याहून बरेच कमी. युरोचा भाव शंभर रुपयांच्या घरात आहे, हे ध्यानी घेऊनच प्रत्येक आकडा वाचावा.

आता परवान्याचा प्रश्न. येथे मला जरा कठोर बोलावे लागणार आहे. शेंगेन करारातील एकोणतीस देशांस एकच व्हिसा चालतो. इंग्लंड व आयर्लंड त्यात नाहीत. फी नव्वद युरो आहे, ती नकार आला तरी परत मिळत नाही. वर केंद्राचा सेवाआकार द्यावा लागतो. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. ज्या देशात मुक्काम अधिक, त्या देशाकडे अर्ज करावयाचा. तो निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एवढेच हे प्रकरण आहे. असे असता ‘सर्व करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या हाती लाखांची रक्कम ठेवणारे पालक आपल्यातही आहेत. कोणी बँकेच्या खात्यात चार दिवसांपुरते उसने पैसे भरून दाखवितो, कोणी नोकरीचा खोटा दाखला जोडतो. अधिकाऱ्यास हे कळते, आणि नकाराची नोंद सर्व सभासद देशांच्या सामाईक दप्तरात पाच वर्षे राहते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे, प्रवासी व्हिसावर पाठवून ‘तिकडे काम लावून देतो’ हे आश्वासन. प्रवासी व्हिसावर काम करता येत नाही. एकशेऐंशी दिवसांत नव्वदांहून अधिक दिवस राहणाऱ्यास पुन्हा प्रवेश नाकारला जाऊ शकतो. या आशेवर जमीन गहाण टाकू नये, विकू तर मुळीच नये. सहल म्हणजे सहल. ती साठविलेल्या पैशांतून व्हावी. बोटांचे ठसे देण्यास मुंबईस जावे लागले, तर देवगिरी एक्स्प्रेसने रात्री निघावे आणि काम उरकून परत फिरावे. हॉटेलचा खर्च कशास?

तिकडे गेल्यावर पैसा जातो तो मुख्यतः गाडीभाड्यात. स्वस्त विमानाचे तिकीट पाहून हुरळू नये. त्यात आसनाखाली मावेल एवढीच पिशवी फुकट असते आणि मोठ्या सामानाचे निराळे मोजावे लागतात. रेल्वेचा युरेल पास सत्तावीस वर्षांपर्यंतच्या तरुणांस सवलतीत मिळतो. परंतु फ्रान्स, इटली, स्पेन येथील जलद गाड्यांत जागा राखण्याचे पैसे पुन्हा द्यावे लागतात, म्हणून आधी बेरीज करावी. पंधरा दिवसांत सात देश पाहण्याचा हव्यास सोडून दोन देश पाहिले तर खर्च निम्म्यावर येतो, आणि खरे म्हणजे दिसतेही अधिक. रात्रीच्या बसने किंवा आगगाडीने गेल्यास एका मुक्कामाचे भाडे वाचते. लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून बस, ट्राम व रेल्वेचा दुसरा वर्ग सर्वांस मोफत आहे! लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमचा कायमचा संग्रह पाहण्यास पैसे पडत नाहीत. इटलीतील सरकारी संग्रहालये महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात, आणि माद्रिदच्या प्रादोत शेवटचे दोन तास.

जेवणाचे आमच्या भगिनींना विशेष सांगतो. वसतिगृहात बहुधा सामाईक स्वयंपाकघर असते. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, डाळ-तांदूळ जवळ असले की दुपारचा व रात्रीचा प्रश्न सुटतो. मात्र तूप, खवा, पेढे देऊ नका. बाहेरून येणाऱ्या प्रवाशास दूध व मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे, आणि आईने प्रेमाने बांधून दिलेला डबा विमानतळावर टाकावा लागतो. पाणी विकत घेऊ नये. नळाचे पाणी बहुतेक ठिकाणी पिण्याजोगे असते, आणि रोममध्ये रस्तोरस्ती वाहत्या तोट्या आहेत.

ज्यास चालण्याची आवड आहे त्याने स्पेनमधील सांतियागोची वाट धरावी. ती त्यांची वारीच होय. फ्रान्सच्या सीमेवरून निघालेला मार्ग सुमारे पावणेआठशे किलोमीटरांचा आहे. परंतु निदान अखेरचे शंभर किलोमीटर चालणाऱ्यासही प्रमाणपत्र मिळते. गावोगाव यात्रेकरूंच्या धर्मशाळा आहेत. यात्रेकरूची पुस्तिका दाखवावी, शिक्का घ्यावा, एक रात्र राहावे आणि सकाळी निघावे. शहरातील वसतिगृहापेक्षा तेथे पुष्कळ कमी पडते. काही ठिकाणी तर यथाशक्ती पेटीत टाकावे, एवढाच नियम. सार्वजनिक धर्मशाळांत बहुधा जागा आगाऊ राखता येत नाही, म्हणून दुपारच्या आत पोहोचावे. पायातील बूट घरीच महिनाभर वापरून मऊ करून घ्यावेत. पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे.

जुलै-ऑगस्टात तिकडे गर्दी व महागाई असते. मे किंवा सप्टेंबर उत्तम. पुढील मे महिन्यात ज्यांना निघावयाचे असेल त्यांनी दिवाळीनंतर आपली कागदपत्रे घेऊन मंडळाच्या कार्यालयात यावे. मी दर रविवारी सकाळी तेथे असतो. अर्ज एकत्र बसून भरू. दलालास पैसे देण्यापूर्वी यावे, दिल्यानंतर नव्हे.