पटावर नसलेली मैत्रीण
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मी बोलायला उभी राहिले की तुम्हाला वाटतं, आता ही कॉम्प्युटरवर बोलणार. आज मी लोहारकामावर बोलणार आहे.

गेल्या वर्षी कंपनीच्या कामासाठी जपानला गेले होते. काम उरकल्यावर दोन दिवस मोकळे मिळाले. तिथे फुकुई प्रांतात एचिझेन नावाचं शहर आहे. लोहारांनी एकत्र येऊन चालवलेली ‘ताकेफू नाइफ व्हिलेज’ ही कार्यशाळा तिथलीच. पैसे भरले की बाहेरच्या माणसालाही एका दिवसात छोटी सुरी घडवायला शिकवतात. मी सुरीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या, आठवतं ना?

तिथे सांगतात की १३३७ साली कुनियासू नावाचा तलवारी घडवणारा कारागीर चांगल्या पाण्याच्या शोधात क्योतोहून आला आणि तलवारींसोबत आसपासच्या शेतकऱ्यांना विळे करून देऊ लागला. म्हणजे सुरुवात विळ्यापासूनच. १९७९ साली तिथल्या सरकारने या कामाला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. ठोकून घडवलेल्या पात्यांमध्ये हा मान देशात पहिल्यांदा त्यांनाच मिळाला.

मऊ लोखंडात कडक पोलादाची पट्टी बसवतात. धार पोलादाची, अंग लोखंडाचं, म्हणून सुरी कापतेही आणि सहसा मोडत नाही. ती पट्टी तापवून ठोकायची. ऐकायला सोपं. माझा हातोडा एकदा इकडे, एकदा तिकडे. चार ठोक्यांत मनगट भरून आलं. शिकवणारे काका शांतपणे माझा हात धरून पुन्हा जागेवर आणत. मग सुरी लालबुंद करून एकदम गार करायची. त्या वेळी त्यांनी उजेड कमी केला. लाल रंग नेमका कोणता, हे अंधारातच नीट कळतं. थोडं जास्त तापलं तर पातं ठिसूळ होतं, कमी तापलं तर धार टिकत नाही. गार झाल्यावर पुन्हा हलकंसं तापवतात, म्हणजे त्याचा ठिसूळपणा जातो.

त्या अंधारात मला आपलं माहूर आठवलं.

दत्तजयंतीच्या यात्रेच्या सुमारास घिसाड्यांची पालं पडायची, आठवतं? सुगी होईपर्यंत ते राहायचे. भाता, ऐरण, घण आणि ट्रकच्या कमानीचे जुने पाटे, एवढंच त्यांचं भांडवल. त्यातून विळे, खुरपी, कुऱ्हाडी निघायच्या. बाप्या सांडशीत लोखंड धरायचा आणि घण घालायची बाई. विळ्याला पाणी पाजायचं ते दिवस मावळल्यावर. कारण तेच, रंग दिसावा म्हणून.

त्यातल्याच एका पालातली मुलगी सातवीत आपल्या वर्गात येऊन बसायची. शेवटच्या बाकावर, जेमतेम दोन-अडीच महिने. तिला विचारल्याशिवाय तिचं नाव मी इथे घेत नाही. पण तुमच्यातल्या काहींच्या डोळ्यांपुढे ती आली असेल. संध्याकाळी आईच्या जोडीने घण घालायची. बारा वर्षांची पोर, पण ठोका कधी चुकला नाही. विज्ञानाच्या तासाला धातूंचा धडा चालू होता, तेव्हा ती उभी राहून म्हणाली होती, “लई तापलं की धार तुटती.” तिच्या बोलण्याच्या ढंगाला आपण सगळे हसलो. मीही हसले. ती खाली बसली आणि पुन्हा कधी बोलली नाही. पालं उठली, तीही गेली.

पुढे इंजिनिअरिंगला धातूशास्त्राच्या पेपरात त्याच वाक्याचं उत्तर मी पानभर लिहिलं. मार्क मला मिळाले.

जपानमध्ये सुरी तयार झाली तेव्हा काकांनी फोनवरच्या भाषांतरातून विचारलं, “तुमच्याकडे हे काम कोण करतं?” मी घिसाड्यांबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, “पात्यावर ते आपलं नाव कोरतात का?” तिथे घडवणाऱ्याची खूण पात्यावर असते. मी नाही म्हणाले. आईच्या घरी त्या पालावरून घेतलेला विळा अजून आहे. तीस वर्षं झाली, आई अजून त्यानेच गवत कापते. तो घडवणाऱ्याचं नाव आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही.

परशुरामाच्या आईच्या गावचे आपण. परशूला हात जोडतो, पण तो घडवणारा कोण, हे विचारत नाही. घिसाडी आपल्याकडे सरकारी यादीत भटक्या जमातींत मोडतात. त्यांच्या विद्येची नोंद मात्र कुठे दिसत नाही. हे बदलणं माझ्या एकटीच्या हातात नाही. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे.

या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या बॅचची यादी छापणार आहेत. ती दहावीला बसलेल्यांची आहे. माझी समितीला विनंती आहे की आपल्यासोबत वर्गात बसलेल्या सगळ्यांची यादी करावी. सातवीचा जुना पट कपाटातून काढावा. अशी ती एकटी नाही, शेतात, वीटभट्टीवर, ऊसतोडीला गेलेले आणखीही निघतील. ज्याला ज्याचा ठावठिकाणा माहीत असेल त्याने कळवावं. तिचा लागला तर मी स्वतः जाईन. सुरी दाखवेन आणि त्या दिवशी हसले म्हणून माफी मागेन.

सुरी मी आज सोबत आणली आहे. जेवणाच्या वेळी काकड्या तिनेच कापा. पण जपून, धार चांगली आहे. त्यातली निम्मी काकांची आहे.